चारनंतरचं पाणी

लोकांच्या दारात उभं राहण्यात थोरलीची एकवीस वर्षं गेली. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील फॉर्म, गळ्यात ओळखपत्र आणि दार उघडलं की एका दमात म्हणायचं वाक्य: तुमची फक्त दहा मिनिटं हवीत. दहा मिनिटांचा फॉर्म चाळीस मिनिटं चालायचा, हे तिलाही ठाऊक होतं आणि दार उघडणाऱ्यांनाही. साबण कोणता, चहा कोणता, महिन्याला किती लागतो, घरात ठरवतं कोण. काही दारं तोंडावर आपटली. एका घरच्या कुत्र्याने पोटरी धरली. एका म्हातारबुवांनी तिला आत बसवून तीन तास मुलांची गाऱ्हाणी सांगितली आणि शेवटी फॉर्म भरायला साफ नकार दिला. पण बाई चिकट. दिवसाला बारा म्हणजे बारा फॉर्म आणायची, आणि तेही खरे. बरोबरीच्या निम्म्या बायका बागेतल्या बाकावर बसून स्वतःच्या डोक्याने फॉर्म भरायच्या, हे ऑफिसात उघड गुपित होतं. थोरलीने एकदाही तसं केलं नाही आणि तसं न केल्याचं ती येता-जाता ऐकवायचीही.

मग लोक फोनवरच उत्तरं द्यायला लागले. साहेबांनी सगळ्या बायकांना बोलावलं, चहा पाजला आणि सांगितलं की दारोदारचं काम वर्षाअखेर बंद. ज्यांना गटचर्चा चालवता येईल त्या राहतील, बाकीच्यांनी आपापलं बघावं. शिकायला चार महिने, मग एक खरी चर्चा, तीच परीक्षा. थोरली तेव्हा सेहेचाळिशीची. नवऱ्याचा कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला आणि तेव्हापासून ते घरी बसून शब्दकोडी सोडवायचे, कुणी विचारलं तर सध्या विश्रांती घेतोय म्हणायचे. मुलीचं शेवटचं वर्ष. म्हणजे घर चालायचं ते थोरलीच्या पायांवर, आणि आता पायांची गरज संपली होती.

गटचर्चा म्हणजे काय ते आधी सांगते. एका खोलीत लांबट टेबल, भोवती आठ खुर्च्या, खुर्च्यांत आठ अनोळखी माणसं. नववी खुर्ची चर्चा चालवणारीची. एका भिंतीला मोठा आरसा. आरशापलीकडे अंधाऱ्या खोलीत ज्यांचा माल विकायचाय ते कंपनीवाले बसलेले, बिस्किटं खात. इकडून आरसा, तिकडून काच. आलेल्यांना हे आधी सांगतात, कागदावर सही घेतात आणि दहाव्या मिनिटाला ते सगळे विसरतात. दोन तास बोलणं चालतं, त्याचं चित्रीकरण होतं. बघणाऱ्याला वाटेल, बायका गप्पा मारतायत. पण त्या गप्पांचा लगाम एकीच्या हातात असतो आणि तो कुणाला दिसता कामा नये, ही त्यातली मेख.

शिकवायला ज्या होत्या त्यांना पाठीमागे सगळे पाच मॅडम म्हणत. प्रश्न विचारला की मनात पाच मोजायचे, तोवर तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा धडा. सडपातळ बाई, पांढरे केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण मूर्ख आहोत हे तो शब्द न वापरता कळावं. त्या म्हणायच्या, ‘का’ विचारायचं नाही. ‘का’ म्हटलं की माणूस वकिली सुरू करतो. ‘म्हणजे कसं’ विचारा. ‘छान’ म्हणायचं नाही, ‘बरोबर’ म्हणायचं नाही, मान डोलवायची नाही. एखादी बोलघेवडी असेल तर तिच्याकडे खांदा करून बसा. एखादी घुमी असेल तर तिला तिचं विचारू नका, इतर बायका काय करतात ते विचारा. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या नावावर सांगायला माणसाला जड जात नाही.

पहिल्या सरावात थोरलीने दातांच्या पेस्टवरचं दोन तासांचं बोलणं पंचवीस मिनिटांत उरकलं. तिला वाटलं, शाबासकी मिळेल. मॅडम म्हणाल्या, तुम्ही चर्चा केली नाहीत, जबानी घेतलीत. दुसऱ्या सरावात तिने एकतीस वेळा मान डोलवली. मॅडमनी मोजलं होतं, आणि तो आकडा सगळ्यांसमोर फळ्यावर लिहिला. तिसऱ्या वेळी तिने टेबलाखाली बोटांवर पाच मोजले, तर समोरच्या खुर्चीतल्या बाईने वाकून विचारलं की तुम्हाला बरं वाटत नाहीये का. काचेपलीकडे हशा पिकला. एकवीस वर्षं जिने घाईघाईत प्रश्न टाकले तिच्या गप्प बसता बसता नाकी नऊ आले होते. स्वच्छतागृहात जाऊन ती रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन पहिल्या रांगेत बसली. माघार घ्यायची सोयच नव्हती.

मग तिने घरी सराव सुरू केला. नवऱ्याला विचारलं, आज भाजी कशी वाटली. ते म्हणाले, बरी. ती म्हणाली, बरी म्हणजे कशी, आणि गप्प बसली. नवऱ्याने ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काही चुकलंय का माझं, असं घाबरून विचारलं. मुलीवर मात्र मात्रा बरोबर लागू पडली. कॉलेज कसं चाललंय, एवढंच विचारून थोरली तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या सेकंदाला मुलीचा चेहरा पडला, पाचव्या सेकंदाला ती एका विषयात नापास झाल्याचं सांगून मोकळी झाली. सहा महिने लपवलेली गोष्ट, हो. थोरलीने रागवायला हवं होतं. पण तिला आधी आनंदच झाला, आपल्या हातात काहीतरी आलंय याचा. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला या विद्येची चटक लागली.

रविवारी मात्र ती हे काही करायची नाही. रविवार आईचा. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली, डावी बाजू गेलेली, बोलणं अर्धवट. राहायची धाकटीकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. थोरलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचं काम दिवसभर बाहेरचं. धाकटी एकटी, नवऱ्यापासून कधीच वेगळी झालेली, तळमजल्यावर दोन खोल्या, छापखान्यात बांधणीचं काम होतं ते तिने आईसाठी सोडलं आणि घरीच पाकिटं चिकटवायला घेतली. लहानपणापासून कमी बोलायची. थोरली म्हणायची, आमच्या धाकटीच्या तोंडून शब्द काढायचा तर चिमटा लागतो. हे ती कौतुकाने म्हणायची.

रविवारी दहाला थोरली यायची, फळं घेऊन. आईचे केस विंचरायची, नखं कापायची, पावडर लावायची, आठवड्यातल्या गमतीजमती सांगायची. आणि पाणी पाजायची. आई तिच्या हातून घटाघटा पाणी प्यायची, एक पेला, दोन पेले, वर आणखी मागायची. थोरलीला त्याचं भारी अप्रूप. ती धाकटीला म्हणायची, बघ, माझ्या हातचं पाणी कसं गोड लागतं तिला. धाकटी स्वयंपाकघरात असायची, किंवा तेवढे तास मिळाले म्हणून आडवी झालेली. पाचला थोरली निघायची. आई रडायची. तेही थोरलीला मनातून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

परीक्षेचा दिवस आला बुधवारी. दुपारी तीनची चर्चा, विषय मोठ्या माणसांचे डायपर. कंपनीवाल्यांचा प्रश्न साधा होता. अंथरुणावरच्या माणसाला दिवसाला चार-पाच लागायला हवेत, बायका सांगतातही चार-पाच, मग दुकानात खप दोनाचाच का दिसतो? कुठेतरी पाणी मुरतंय, ते शोधून द्या. घरी आजारी माणसाचं करणाऱ्या आठ बायका हव्या होत्या. त्या जमवायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे जमव्या म्हणत. दोन वाजता जमव्या कपाळाचा घाम पुसत आला. सहाच येणार होत्या. एकीच्या सासूला दवाखान्यात हलवलं होतं, दुसरी फोन उचलत नव्हती. सातच्या खाली चर्चा होत नाही, असा कंपनीवाल्यांचा करार. चर्चा नाही तर परीक्षा नाही, आणि कुणाला ठेवायचं त्याची यादी साहेब शुक्रवारी वर पाठवणार होते.

आता या धंद्यातलं महापाप कोणतं, तर ओळखीचं माणूस खुर्चीत बसवणं. ओळखीचं माणूस तुम्हाला बरं वाटेल ते बोलतं, सगळी चर्चा नासते. ज्या बाईने एकवीस वर्षांत एक खोटा फॉर्म भरला नाही तिने त्या दिवशी जिन्यात उभं राहून धाकटीला फोन लावला. म्हणाली, दोन तास ये, माझी नोकरी जाते. शेजारणीला आईजवळ बसव. आपली ओळख दाखवायची नाही. काही बोलली नाहीस तरी चालेल, नुसती खुर्ची भर. धाकटीने एवढंच विचारलं की बस कुठली पकडू. थोरलीने मनाची समजूत घातली की ही खोटी बाई थोडीच आहे, खरोखर घरी आजारी माणसाचं करणारी आहे, आणि घुमी असल्यामुळे हिच्या बोलण्याने काही नासायचा प्रश्नच नाही. बोलण्यासारखं हिच्याकडे असणार तरी काय.

तीनला दहा मिनिटं असताना धाकटी आली, केस नुसते मागे बांधलेले, हाताला डिंकाचा वास. जमव्याने कागद पुढे केला. ताईच्या ऑफिसचा कागद म्हणून तिने न वाचता सही केली. इथे नावं नसतात, छातीवर नंबर लावतात. न आलेल्या एकीचा सहा तिला मिळाला.

चर्चा सुरू झाली आणि थोरलीची चर्चा उत्तम रंगली, हे कबूल करायला हवं. चार महिन्यांचं सगळं शिक्षण त्या दिवशी जागेवर आलं. तिने आधी आपापल्या माणसाबद्दल सांगायला लावलं, हसवलं, एक नंबरची बाई सासूबद्दल थांबेना तेव्हा अलगद तिच्याकडे खांदा केला. मान डोलवली नाही. दिवसाला किती लागतात, यावर सगळ्या चार म्हणाल्या, पाच म्हणाल्या. सहा नंबर म्हणाली, चार. पुढे तासभर सहा नंबर काही बोलली नाही. थोरलीही तिच्याकडे बघायचं टाळत होती.

चहा देणाऱ्या बाईने चहासोबत घडी घातलेली चिठ्ठी ठेवली. काचेपलीकडून मॅडमच्या चिठ्ठ्या अशाच यायच्या. त्यात लिहिलं होतं: ‘सहा काहीतरी धरून बसलीय. काढा.’

चिठ्ठी बाजूला सारता आली असती का? आली असती. विषय बदलता आला असता, पाच नंबरकडे वळता आलं असतं, मॅडमनी फार तर दोन गुण कापले असते. पण पलीकडे साहेबही बसलेत हे तिला माहीत होतं. तिने हात टेबलावर ठेवले, सहा नंबरकडे वळली आणि जन्मात पहिल्यांदा धाकटीला ‘तुम्ही’ म्हणाली.

“तुमचं नका सांगू. इतर बायका काय करतात, रात्री कमी बदलावं लागावं म्हणून?”

एक, दोन, तीन. धाकटी टेबलावरच्या रेषा बघत होती. चार, पाच. थोरलीने सहा मोजले, सात मोजले. इतर सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

“काही जणी चारनंतर पाणी देत नाहीत,” धाकटी म्हणाली.

मग दोन नंबरच्या बाईने मान खाली घातली, मग सात नंबरच्या. बोलघेवडी एक नंबर पहिल्यांदाच गप्प झाली. बघा, म्हणजे ही एकटीची गोष्ट नव्हती. कंपनीवाले जे शोधायला आले होते ते हेच, एका वाक्यात सापडलेलं. इथे थांबलं असतं तरी परीक्षा पास होती.

थोरली थांबली नाही. चटक, दुसरं काय. तिने विचारलं, “आणि त्या माणसाने पाणी मागितलं तर?”

“रेडिओ मोठा करतात,” धाकटी म्हणाली. मग जरा वेळाने, “मी करते. रेडिओ मी मोठा करते.”

आता तिला काही विचारायची गरज नव्हती. ती सांगत गेली, हळू, एकसारख्या आवाजात. रात्री तीनदा आईला एकटीने उचलायचं, स्वतःची कंबर धरते, एकदा आईला घेऊनच ती खाली पडली होती आणि सकाळपर्यंत दोघी तशाच फरशीवर बसून राहिल्या. भरपूर पाणी द्या म्हणून डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी रात्र त्यांना नसते काढायची. दुपारी चारला ती पेला उचलून फळीवर ठेवते. पहिल्या वर्षी तिला रडू यायचं. आता येत नाही, आणि येत नाही याचीच भीती वाटते.

थोरलीचा चेहरा कोरा होता. शिकवलेला कोरा. आत काय चाललं होतं ते तिचं तिला ठाऊक. तिच्यासमोर कागद होता, कागदावर पुढचा प्रश्न छापलेला होता, आणि जीभ सवयीने तो बोलून गेली: “घरात मदतीला आणखी कुणी?”

धाकटीने तेव्हा पहिल्यांदा वर बघितलं.

“एक बहीण आहे. रविवारी येते. ती आईला दोन-दोन पेले पाणी पाजते. आई अधाशासारखी पिते, तर तिला वाटतं आपल्या हाताला गोडी आहे. ती पाचला जाते. रविवारची रात्र मला सगळ्यात वाईट जाते.”

“हे तुम्ही तिला कधी सांगितलंत?”

“तिने विचारलं नाही कधी.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं नाही. थोरलीने मनात पाच मोजले. मग सात नंबरकडे वळून विचारलं, तुमच्याकडे हे कसं असतं? आणि चर्चा पुढे चालू झाली.

पाच वाजता सगळ्यांना काचेच्या पेल्यांचा एकेक खोका भेट दिला. बायका बाहेर पडल्या, दोन नंबरने धाकटीच्या पाठीवर हात ठेवला होता. थोरली त्यांच्यामागे निघाली, तोच मॅडम आतून आल्या. चार महिन्यांत त्या पहिल्यांदा हसल्या. कंपनीवाल्यांनी थोरलीचे हात हातात घेतले, साहेब म्हणाले की एवढं तर आमच्या जुन्यांनाही जमत नाही. ती दारातून दोनदा निघायला बघत होती आणि दोनदा थांबली. कौतुक ऐकायला थांबली, हो, एकवीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. खाली गेली तेव्हा बसथांबा मोकळा होता.

शनिवारी ती कपड्यांची पिशवी घेऊन धाकटीकडे गेली. ठरवलंच होतं, रात्री राहायचं, आईचं आपण करायचं. आई तिला बघून हसली. धाकटी पाकिटं चिकटवत होती, तिने हात थांबवले नाहीत. थोरलीने माफी मागायला तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून निघालं ते असं: “तुला काय वाटतंय, ते मला सांग ना.”

धाकटी म्हणाली, “इथे नको, ताई. तिथे सहा अनोळखी बायका होत्या म्हणून बोलले. तुझ्याशी नव्हते बोलले.”

त्या रात्री थोरलीने आईला तीनदा उचललं. पहाटे तिला कमरेतून सरळ होता येईना. धाकटी उठली, एक शब्द न बोलता आईखालची चादर काढली, दुसरी घातली, थोरलीच्या कमरेला शेकायची पिशवी दिली आणि परत निजली. भांडली असती तर बरं झालं असतं. थोरलीने दर शनिवारी यायचं कबूल केलं आणि मनापासून केलं.

आणि सोमवारी यादी लागली. तिचं नाव पहिलं. सोबत कामाचा तक्ता. गटचर्चा कधी असतात? लोकांना सुट्टी असते तेव्हा, म्हणजे शनिवारी आणि रविवारी. महिन्यातून दोनदा परगावी. तिने तक्ता दोन वेळा वाचला, सही केली, आणि धाकटीला फोन करून सांगितलं की जमेल तेव्हा येत जाईन. धाकटी बरं म्हणाली. जमेल तेव्हा म्हणजे महिन्यातून एकदा, मग दीड महिन्याने, एखाद्या मंगळवारी धावतपळत, हातात फळं. आई तिला पाणी मागायची. थोरली आधी घड्याळ बघायची. चारच्या आत असेल तर द्यायची.

डायपर नव्या नावाने आले, जास्त जाड, रात्रीचे. जाहिरातीत एक मुलगी आईला पाण्याचा पेला देते आणि दोघी हसतात. खप म्हणे दुपटीने वाढला. थोरलीने धाकटीला महिन्याचा साठा घरपोच करून दिला. धाकटीने तो वापरला, नाही असं नाही. वस्तू चांगली होती.

आई अकरा महिन्यांनी गेली, रविवारी दुपारी. थोरली परगावी चहाच्या नव्या पाकिटावर चर्चा चालवत होती, फोन नियमाप्रमाणे बाहेर ठेवलेला. ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. चौदा दिवसांनी धाकटी छापखान्यात परत गेली. आता दोघी वर्षातून तीन-चारदा भेटतात, तब्येतीची चौकशी करतात, मुलीच्या संसाराचं बोलतात. थोरली काही विचारायला गेली की धाकटी हसून विषय बदलते. ती आता हे चांगलं शिकलीय.

पाच मॅडम निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी थोरलीच शिकवायला लागली. चांगली शिकवते. नव्या पोरी तिला घाबरतात. चौथ्या आठवड्यात घुम्या माणसाला बोलतं कसं करायचं हा धडा असतो, आणि त्यासाठी कंपनीने एकच चित्रीकरण नेमून दिलंय. सहा नंबरचा चेहरा पुसट केलेला आहे. आवाज आहे तसाच. थोरलीने सुरुवातीला एकदा साहेबांना सुचवून बघितलं की दुसरं एखादं घेऊ या. साहेब म्हणाले, याच्याइतकं चांगलं आहे कुठे. त्यावर तिला कारण सांगता आलं नाही. सांगायचं तर खुर्चीत कोण बसलं होतं तेही सांगावं लागलं असतं. वर्षातून तीन तुकड्या, म्हणजे वर्षातून तीनदा ती खोलीतले दिवे मालवते, चित्र सुरू करते, आणि काठीने दाखवते: इथे बघा, मी पाचाला थांबले नाही, सातापर्यंत गेले. इथे बघा, ‘तुमचं नका सांगू’ म्हटलं.

यंदाच्या तुकडीत एक मुलगी होती, चष्मेवाली, सगळं टिपून घेणारी. दिवे लागल्यावर तिने हात वर केला.

“मॅडम, शेवटी त्या बाई रडायला लागल्या तेव्हा पाण्याचा जग तुमच्या हाताशीच होता. तुम्ही त्यांना पाणी का दिलं नाहीत?”

‘का’ विचारायचं नाही, हे तिला अजून शिकायचं होतं. थोरलीने तिला ते सांगितलं नाही. पाच मोजून झाले, सात झाले, मुली माना वर करून बघत राहिल्या.

“दिलं असतं तर ती बोलायची थांबली असती,” थोरली म्हणाली.

मुलींनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. थोरली काठी कोपऱ्यात ठेवून त्यांचं लिहून व्हायची वाट बघत उभी राहिली.